गुणांपुरतं फ्रेंच

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. ‘गुण मिळतात’ म्हणून फ्रेंच घेतलं. दोन वर्षांत क्रियापदं तोंडपाठ, पण साधं पाणी मागता येत नाही. सोडून द्यावं का?

उत्तर: मुळीच नको. गुणांसाठी भाषा घ्यायला लावणारे आपण, आणि बोलता येत नाही म्हणून कुरकुरणारेही आपणच! पेपर लेखी, मग मुलं तोंड उघडतील कशाला? मी वर्गात ९७ पासून सुरुवात करते: ‘कात्र-व्हँ-दी-सेत’, म्हणजे चार विसा, दहा, सात. जुन्या बायका विसांनीच मोजायच्या, हे सांगितलं की पोरं हसतात आणि आकडा विसरत नाहीत. (स्पेलिंगचा जाच आहेच, पाण्याच्या शब्दात अक्षरं तीन, उच्चार नुसता ‘ओ’.) आज जेवताना ‘द लो, सिल व्हू प्ले’ (म्हणजे ‘पाणी द्या ना’) म्हटल्याशिवाय ग्लास पुढे करू नका.