युरोपीय कुलचिन्हांतली मत्स्यकन्या आणि मेल्युसीन एकच का? ढालीवर काढताना काय सांभाळावं?

एकच नाहीत. शेपट्या मोजा. मत्स्यकन्येला एक शेपूट; इंग्लिश पद्धतीत तिच्या एका हातात आरसा, दुसऱ्यात कंगवा. मेल्युसीनला दोन शेपट्या आणि बहुधा त्या दोन्ही हातांत एकेक धरलेल्या. ती जर्मन चिन्हांत जास्त भेटते. तलवार उगारलेली आणि हातात ढाल असेल, तर ती पोलंडमधल्या वॉर्सा शहराच्या चिन्हातली मत्स्यकन्या. ही रूपं गोठलेली नसतात, हे मला फार मोलाचं वाटतं: वॉर्साच्या जुन्या मुद्रांवर तिला पक्ष्याचे पाय होते, माशाची शेपटी नंतर आली. जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहराच्या चिन्हातला राजाच्या डोक्याचा गरुडही मधली काही शतकं स्त्रीमुखी झाला होता.

काढताना हमखास चुकते ती दिशा. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, आपल्याला दिसते ती डावी. एका बाजूला वळलेली आकृती सहसा या उजवीकडेच, म्हणजे आपल्या डावीकडे बघते. आकृतीने ढाल भरली पाहिजे. कुलचिन्हांत सोनेरी आणि रुपेरी रंगांना ‘धातू’ म्हणतात; धातूवर धातू नको हा नियम नैसर्गिक त्वचारंगाला लागत नाही, पण सोनेरी-रुपेरी पार्श्वभूमीवर फिकी त्वचा विरून जाते, म्हणून बाह्यरेषा गडद आणि जाड ठेवा. खवले मोजके, मोठे काढा. शेवटी चित्र २ सेंटिमीटरपर्यंत लहान करून बघा. शेपट्या एकमेकींत मिसळल्या तर मधली जागा वाढवा.