कॅसेट प्लेअरवरचा आळ

आपली जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, मुलाने बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर आपला संशय आहे आणि बॅटरीची जोडणीच तोडणारा कट-ऑफ स्विच बसवला तर भागेल का, असे आपण विचारले आहे. स्विचचे उत्तर कोणीही देईल. मुलावरचा संशय वाचून मात्र मला लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हाच आळ 1986 च्या उन्हाळ्यात माझ्यावर आला होता आणि तो पुसायला मला पुरे एक वर्ष लागले.

आमचे गाव वरूड तालुक्यातले, घरी संत्र्याची बाग. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही मोठेबाबा म्हणत असू, त्यांनी 1978 साली देश सोडून निघालेल्या एका परदेशी व्यापाऱ्याकडून 1971 ची एमजी बी ही इंग्रजी दोन आसनी स्पोर्ट्स कार मुंबईत विकत घेतली आणि स्वतः चालवत गावी आणली. जिथे बंडीचे चाक रुतते तिथे पोट जमिनीला टेकवून चालणारी ही गाडी कशाला, असे सारे गाव विचारी. मोठेबाबा उत्तर देत नसत, हॉर्न वाजवत. या गाडीत मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे, फळीखाली असतात. त्या मापाच्या बॅटऱ्या आमच्याकडे मिळेनात, म्हणून एकाच बाजूच्या खोबणीत मावेल अशी 45 अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी बसवलेली होती.

मी तेव्हा अमरावतीला पदविकेला होतो. 1985 च्या दिवाळीत मी गाडीत कॅसेट प्लेअर बसवला. मोठेबाबांना तो पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. पुढच्या मे महिन्यात मी सुट्टीवर घरी आलो आणि गाडी दर चौथ्या दिवशी मान टाकू लागली. सेल्फ मारावा तर नुसती टकटक, मग बागेतले दोन गडी धक्का मारायला. हिवाळ्यात तीच बॅटरी अकरा-बारा दिवस टिकत होती. मोठेबाबांचा हिशेब सरळ होता: पोरगा घरी नसतो तेव्हा बॅटरी टिकते, पोरगा घरी आला की उतरते. “तुह्या त्या डब्यानंच बॅटरी खाल्ली,” असे ते चार लोकांत म्हणू लागले आणि माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

मिस्त्री आला तो पहाटे, कारण मे महिन्यात वरूडला दहानंतर टिनाच्या कोठ्यात कोणी काम करत नाही. त्याने बॅटरीची अर्थची वायर काढली, वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा दिवा धरला, दिवा लागला नाही, आणि “गळती नाही, बॅटरी खराब आहे” असा निकाल दिला. नवी बॅटरी आली, तीही उतरली. मग मोठेबाबांनी माझ्यादेखत प्लेअर उपटून काढला. आठ-दहा दिवसांनी पाऊस लागला, हवा गार झाली आणि बॅटरी आठवडाभर टिकू लागली. दिवाळीपर्यंत तर तक्रारच उरली नाही. याहून भक्कम पुरावा कोणाला हवा असतो? पुढच्या मेमध्ये गाडी पुन्हा चौथ्या दिवशी बंद पडली तेव्हा आरोपाने फक्त रूप बदलले. आता प्लेअर दोषी नव्हता, तो बसवताना मी ‘छेडलेली’ वायरिंग दोषी होती.

तेव्हा मी एका शिक्षकांचा काट्याचा मल्टिमीटर मागून आणला. मोजण्याआधी करायचा हिशेब मी आपल्यालाही करायला सांगेन. बॅटरी अर्धी झाली की जुन्या इंजिनाला सेल्फ पुरत नाही, असे धरले तर 45 ची बॅटरी 96 तासांत साडेबावीस अँपिअर-अवर गमावते. म्हणजे गळती साधारण पाव अँपिअरची. हिवाळ्यातल्या अकरा दिवसांचा हिशेब 80-85 मिलिअँपिअर निघतो. एकाच गाडीची गळती ऋतूप्रमाणे तिप्पट होते, हे कागदावर दिसले तेव्हाच प्लेअर सुटला होता. त्या प्लेअरला घड्याळ नव्हते, स्टेशने लक्षात ठेवण्याची सोय नव्हती; खटका बंद केला की त्याचा गाडीशी संबंध संपत असे, मग महिना कोणताही असो.

पहाटे सहाला मीटरने 80 मिलिअँपिअर दाखवले. त्या प्रवाहाने 21 वॅटचा दिवा लागणारच नाही, त्याला पूर्ण उजळायला पावणेदोन अँपिअर लागतात. मिस्त्रीचा निकाल इतका पोकळ होता. दुपारी मी भर उन्हात गाडी मोर्शीपर्यंत नेऊन आणली, इंजिन बंद केले आणि बॉनेट तापलेले असतानाच पुन्हा मोजले. काटा 400 वर होता. गाडीत मोजून चार फ्यूज. एकेक काढला, काटा हलला नाही. म्हणजे प्रवाह फ्यूजमधून जातच नव्हता. या इंग्रजी गाड्यांत बॅटरीपासून अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र), किल्लीचा स्विच आणि दिव्यांचा स्विच यांच्याकडे जाणाऱ्या तपकिरी वायरींना फ्यूज नसतो आणि त्या कायम जिवंत असतात. बॅटरीची वायर काढून मी अल्टरनेटरच्या मागचा प्लग उपसला, मीटर पुन्हा जोडला, आणि काटा शून्यावर जाऊन बसला.

अल्टरनेटरमधल्या डायोडांनी वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची आणि परत येऊ द्यायची नाही. डायोड कमजोर झाला की गाडी उभी असताना वीज उलटी झिरपते, आणि हे झिरपणे उष्णतेने वाढते, ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट. पहाटेच्या गारव्यात ते लपते आणि मे महिन्याच्या दुपारी बॅटरी पिते. मग आठवले की प्लेअर बसवल्यानंतर दोनच महिन्यांनी मोठेबाबांनी स्वतः नागपूरच्या एका दुकानातून अल्टरनेटरचे डायोड बदलून आणले होते. ते बाजेवर बसून सारे पाहत होते. त्यांनी काटा पाहिला आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवशी पारावर ते सांगत होते की त्यांना अल्टरनेटरचाच संशय पहिल्यापासून होता. प्लेअर परत बसवण्याचा विषय त्यांनी हयातभर काढला नाही. तो आजही माझ्या कपाटात आहे.

आता आपल्या गाडीविषयी. 50 मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते, असे आपल्याला कोणी ना कोणी सांगेल. ते संगणक असलेल्या गाड्यांना लागू आहे. जुन्या गाडीत किल्ली बंद असताना जागे राहण्यासारखे घड्याळाखेरीज काहीच नसते, त्यामुळे आकडा शून्याजवळच हवा, आणि मोजमाप एकदा गार असताना व एकदा फिरवून आणल्यावर लगेच, असे दोनदा घ्या. दार उघडे असेल तर दाराचे बटण दाबून ठेवा, नाहीतर आतल्या दिव्याचाच प्रवाह मोजत बसाल. मीटर मध्ये जोडलेला असताना सेल्फ मारू नका. बॅटरी खाली, चिखलाच्या जवळ असेल तर मीटरची एक टोच निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवून दुसरी बॅटरीच्या झाकणावर फिरवून पाहा. तिथे व्होल्ट दिसले तर वरचा ओला मळच वीज वाहून नेतो आहे, आणि तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला की काम होते. अंधारात किल्ली बंद ठेवून चार्जिंगचा लाल दिवाही पाहावा. डायोड गेलेला असेल तर कधी कधी तो मंद लागलेला दिसतो. दोन बॅटऱ्या न मोजता बदलल्या, हे मात्र चुकले. चांगली, भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि तेवढे पाहायला मिनिटही लागत नाही.

कट-ऑफ स्विचने गळती बंद होत नाही, ती दिसेनाशी होते. तरीही तो बसवा. माझ्या गाडीत आहे, कारण कोठ्यात उंदीर आहेत आणि फ्यूज नसलेली तपकिरी वायर त्यांनी कुरतडली तर प्रश्न बॅटरीपुरता राहत नाही. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका, राहिलेले डायोडही जातील.

आपली गाडी कोणत्या सालची, हे आपण लिहिलेले नाही. 1967 पर्यंतच्या एमजी बीसारखी ती पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असेल, तर मुलाने सिस्टिम कशी जोडली ते आधी विचारा, कारण तिथे आजची सिस्टिम सरळ जोडता येत नाही. शिवाय आजच्या सिस्टिमला स्मृतीसाठी कायम वीज देणारी पिवळी वायर असते. ती थोडेच घेते, पण ॲम्प्लिफायर चालू करणारी वायरही कोणी त्याच कायम विजेवर जोडली असेल तर अर्धा-एक अँपिअर सहज जातो, आणि मग दोष खरोखरच सिस्टिमचा. त्यामुळे मोजताना मुलाला शेजारी उभे करा आणि सिस्टिमचा फ्यूज त्याच्याच हाताने काढवा. काटा पडला तर तो स्वतःच वायर बदलेल. नाही पडला तर अल्टरनेटरचा प्लग आपण उपसा.