अध्यक्षांना ॲडमिन कशाला?

गणपती जवळ आले की मंडळांना साईट आठवते, दिवाळी अंकाचं काम लागलं की संपादकांना. दोन्ही वेळा प्रश्न तेच येतात: कोणाला आत घ्यायचं आणि किती. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो. वेगळं म्हटलं नसेल तिथे स्वतःच्या होस्टिंगवरचं (साईटसाठी भाड्याने घेतलेल्या जागेवरचं) वर्डप्रेस, म्हणजे साईट चालवायचं सॉफ्टवेअर, धरलं आहे.

मी कॉन्ट्रिब्युटर आहे. लेख लिहिता येतो, फोटो चढवता येत नाही. साईट बिघडली का? (विलेपार्ले)

नाही. कॉन्ट्रिब्युटरला (लिहून तपासायला देणाऱ्याला) ती परवानगीच नसते, आणि लेख एकदा प्रसिद्ध झाला की स्वतःची वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. फोटो संपादकांकडे पाठवा.

मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार धरून नऊ जण ॲडमिन आहेत. अध्यक्षांना नुसतं एडिटर केलं तर वाईट दिसेल. असंच राहू दिलं तर काही बिघडतं का? (गिरगाव)

बिघडतं, आणि याच ‘वाईट दिसेल’पायी बिघडतं. ॲडमिन म्हणजे व्यासपीठावरची मधली खुर्ची असा आपला समज झाला आहे. खरं तर तो मंडपातला वायरमन. अध्यक्षांचा मान राखायचा म्हणून आपण त्यांना मेन स्विचमध्ये हात घालायला लावतो का?

२००५च्या शेवटी २.० आवृत्ती आली, तोवर वर्डप्रेसमध्ये ० ते १० अशा पातळ्या होत्या. आकडा मोठा तितका अधिकार मोठा. तेव्हा तुमची मानाची उतरंड शोभली असती. आता रोल, म्हणजे कोणाला काय करता येतं ते, कामावरून ठरतात. सबस्क्राइबरला स्वतःच्या प्रोफाइलपलीकडे फारसं काही नाही. कॉन्ट्रिब्युटर लिहून तपासायला देतो. ऑथर स्वतःचं लिखाण स्वतः प्रसिद्ध करतो. एडिटर सगळ्यांचं लिखाण, पानं, प्रतिक्रिया सांभाळतो. प्लगइन (साईटला जोडायचे जादा भाग), थीम (साईटचं रूप), सेटिंग आणि युजर एवढ्यासाठी ॲडमिन. तुमचे अध्यक्ष यातलं काय करतात? उत्सवाचं मनोगत लिहितात आणि ते सचिव टाइप करतात. मग अध्यक्षांना लॉगिन तरी कशाला हवं?

एका संस्थेच्या कार्यालयात टेबलाच्या काचेखाली पासवर्डची चिठ्ठी पाहिली होती, शेजारी वीजबिल आणि सत्यनारायणाच्या वर्गणीची पावती. सात जण ‘ॲडमिन’ या एकाच नावाने आत जायचे. एका सकाळी थीम बदललेली आणि देणगीचं पान गायब. कोणी केलं? सातही जण म्हणाले, मी नाही. नोंद ठेवणारं प्लगइन होतं, पण नोंदीत नाव एकच. त्यांनी शेवटपर्यंत त्या बिचाऱ्या टाइप करणाऱ्या मुलीवर संशय घेतला.

तेव्हा नऊचे दोन करा: एक नेहमीचा, एक अडीनडीचा. दोघांची खाती वेगळी, मेल वेगळे. ॲडमिनला रोज लेखही टाकायचे असतील तर त्यासाठी त्याने वेगळं एडिटरचं खातं वापरावं. दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) वर्डप्रेसमध्ये मुळात नसते, प्लगइन घालावं लागतं, तेवढं घाला. आणि एडिटर म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका. तो दुसऱ्याचे लेख उडवू शकतो. रोल उतरवण्यापूर्वी बॅकअप घ्या आणि जाणकाराला शेजारी बसवा, कारण काही प्लगइन स्वतःचे वेगळे रोल तयार करतात आणि ते साईट पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

साईट बनवणारा म्हणतो, सुरक्षेसाठी ॲडमिन हक्क त्याच्याकडेच ठेवायचा नियम आहे. शिवाय ‘रोल मॅनेजमेंट’चे वर्षाला वेगळे पैसे. (गोरेगाव)

असा कुठलाही नियम नाही. रोल वर्डप्रेससोबत फुकट येतात, नवा युजर जोडायला दोन मिनिटं लागतात. देखभालीचे पैसे घेणं रास्त आहे. तुमच्याच घराच्या किल्लीचं भाडं घेणं नाही. डोमेन (साईटचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे, होस्टिंगचं लॉगिन कोणाकडे आहे, साईटच्या ॲडमिनचा मेल कोणाचा आहे, हे तिन्ही आधी पाहा. तिन्ही त्याच्याकडे असतील तर भांडू नका. गोड बोलून लेखी मागा, आणि करार असेल तर तो वकिलाला दाखवून मगच पुढचं पाऊल टाका.

सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं खातं काढलं तर त्यांचे लेख जातील का? (दादर)

तुम्ही काय निवडता त्यावर आहे. डिलीट करताना वर्डप्रेस विचारतं: मजकूर उडवायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा? उडवलात तर त्यांनी चढवलेले फोटोही जातात. दुसऱ्याच्या नावावर केलात तर लेखकाचं नाव बदलतं. एका अंकाच्या साईटवर कवयित्रीच्या पंधरा कविता अशाच खजिनदारांच्या नावावर गेल्या, आणि खजिनदारांना अभिनंदनाचे फोन आले. त्यांनी ते घेतलेही! त्यापेक्षा खातं राहू द्या, रोल सबस्क्राइबर करा आणि पासवर्ड बदला. घाईने डिलीट करू नका. करायचंच असेल तर आधी बॅकअप.

युजर्सच्या यादीत एक अनोळखी ॲडमिन दिसतो. भाचा म्हणाला गूगलचं बॉट असेल. उत्सवात कोणी मोकळं नाही, दिवाळीनंतर पाहिलं तर चालेल? (मुलुंड)

चालणार नाही. गूगल कोणाच्या साईटवर युजर उघडत नाही. भाच्याला आधी बाजूला बसवा. त्या खात्याचं नाव आणि मेल दिसेल अशा स्क्रीनचा फोटो काढा. मग खातं काढा आणि सगळ्या खऱ्या ॲडमिनचे पासवर्ड बदला. प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ही (दुसऱ्या ॲपला आत येऊ देणारे वेगळे पासवर्ड) पाहा. ते ५.६ आवृत्तीपासून आले आहेत आणि वेगळे रद्द करावे लागतात. सेटिंगमध्ये ‘कोणीही नोंदणी करू शकतो’ चालू आहे का आणि नव्या युजरचा रोल काय ठेवला आहे तेही बघा. तिथे ॲडमिन लिहिलेलं असेल, तर चोराला तुम्हीच बोलावलं आहे.

एवढ्याने तो गेला असं मात्र मी म्हणणार नाही. मागे फाईल पेरून ठेवलेली असू शकते, आणि ती डॅशबोर्डमध्ये (लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या आतल्या पानांत) दिसत नाही. होस्टिंगवाल्यांना आजच फोन करा आणि साईट साफ करणाऱ्या माणसाला दाखवा. देणगीचे पैसे इकडेतिकडे झाले असतील तर आधी बँक आणि १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन).

युजरनेम बदलता येतं का? (परळ)

डॅशबोर्डमधून नाही. नवं खातं काढा, लेख त्याच्या नावावर करा, मग जुनं काढा. डेटाबेसमध्ये हात घालायला सांगणारे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका.

आमचा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर आहे, जुना आहे. ॲडमिन एकटे संस्थापक काका, वय ८१. किती जणांना घेता येईल? (चेंबूर)

शंभरपर्यंत. तुम्हाला एकच पुरे. काकांच्या जीमेलने ब्लॉगरमध्ये लॉगिन करून आजच विश्वासातल्या कोणाला तरी आमंत्रण पाठवा, त्याने मेल उघडून ते स्वीकारलं का हे फोन करून विचारा, आणि मग काकांकडूनच त्याला ॲडमिन करून घ्या. काकांना पासवर्ड आठवत नसेल, तर त्यांचा जुना मोबाईल नंबर आधी चालू ठेवा.