सिस्टीम्स सायन्सला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की सिस्टीम्स सायन्सला (एकमेकांशी जोडलेले भाग मिळून अख्खी गोष्ट कशी चालते ते बघणारं शास्त्र) 'प्रणालीविज्ञान' म्हणावं का 'व्यवस्थाशास्त्र', आणि त्याच्या शाखा आणि उपयोग वेगळे दाखवायचे तर शब्द कुठले घ्यायचे.

माझं मत प्रणालीविज्ञानाला. मराठीत सिस्टीमला एकच शब्द कधी नव्हताच, शरीरात ती पचनसंस्था, आकाशात सूर्यमाला, समाजात व्यवस्था, सरकारी कामात यंत्रणा. परिसंस्था हा शब्द छानच आहे, पण नुसतं 'संस्था' म्हटलं की आमच्या सांगलीत लोक पतसंस्थाच समजतात आणि ठेवीचा दर विचारतात. ह्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला बर्टालान्फी मूळचा जीवशास्त्रज्ञ, त्याचं म्हणणंच हे की पेशी असो नाहीतर समाज, सगळीकडं लागू पडणारी काही तत्त्वं सापडतात, मग शास्त्राच्या नावाला कुठल्या एका घरचा शब्द कशाला? संस्कृतात प्रणाली म्हणजे पाणी वाहून न्यायचा मार्ग, पिंडीवरचं पाणी बाहेर जातं त्याला प्रणाल म्हणतात ते त्यातलंच.

आता वर्गीकरण. सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रात आणि प्राण्यात नियंत्रण आणि संदेशवहन कसं चालतं त्याचा अभ्यास (गणितज्ञ वीनरचं पुस्तक १९४८चं), फॉरेस्टरनं १९५०च्या दशकात एमआयटीत उभं केलेलं सिस्टीम डायनॅमिक्स म्हणजे प्रणाली गतिकी (प्रणाली काळानुसार कशी बदलते ते बघणारी), ह्या शाखा. त्या जिथं लावायच्या ते उपयोजन, 'उपयोग' नको, तो चमच्याचापण असतो. आमच्याकडचं उपयोजन म्हणजे पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. तिथला आकडा नुसता कोयनेच्या विसर्गावर ठरत नाही, मधल्या भागातला पाऊस, हरिपूरला मिळणारी वारणा, सगळं एकत्र धरावं लागतं, आणि खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरनं भांडण तर दर पावसाळ्यात ठरलेलं.

एक सांभाळा, फीडबॅक म्हणजे परिणाम फिरून कारणावरच येणं, बदल वाढवला तर पॉझिटिव्ह, रोखला तर निगेटिव्ह. त्यातल्या पॉझिटिव्ह फीडबॅकला 'सकारात्मक' करू नका, वाचणाऱ्याला शाबासकी वाटते. विजेत म्हणतो तसं धन आणि ऋण म्हणा. घरच्या टाकीत पाणी चढलं की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो, हा ऋण. आणि पुराचं पाणी वाढतंय म्हटल्यावर चार गाड्या पेट्रोल पंपावर लागतात, ती रांग बघून अजून चाळीस लागतात, हा धन.