हक्क की कल्याण? गोठ्यातून आलेले प्रश्न

मुक्त संचार गोठ्यावरचा (जनावरे न बांधता मोकळी ठेवण्याच्या पद्धतीवरचा) लेख वाचून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे पशुवैद्यक आणि पशुधन व्यवस्थापनातल्या सल्लागारांनी दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे बारा संकरित गाई आहेत. पुण्यात शिकणारी पुतणी वीगन झाली आहे, दूधसुद्धा घेत नाही. ती म्हणते, ‘काका, गोठा कितीही चांगला ठेवा, दूध काढणं हाच अन्याय आहे.’ असं असेल तर गोठ्यावर खर्च तरी कशाला करायचा? (संगमनेर तालुका)

वाद मिटत नाही, कारण तुमचे आणि तिचे प्रश्नच वेगळे आहेत. कल्याणवादी विचारतो, जनावर पाळायचेच आहे तर त्याला भूक, दुखणे, भीती किती सोसावी लागते? हक्कवादी विचारतो, ते पाळायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? पहिल्याचे उत्तर टेप घेऊन मोजता येते, दुसऱ्याचे येत नाही.

कल्याणवादाची आजची मांडणी ब्रिटनमधली. तिथल्या ब्रँबेल समितीने १९६५ मध्ये म्हटले की पाळीव जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय पसरता आले पाहिजेत. त्यातूनच १९७९ मध्ये ‘पाच स्वातंत्र्ये’ आली : भूक-तहान, गैरसोय, दुखणे-आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक. हक्कवादी बाजू अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रीगन यांनी नेटकी मांडली. जनावर स्वतःचे आयुष्य जगणारा जीव आहे, त्याला कुणाचे साधन करू नये, मग वागणूक कितीही मायेची असो. पुतणी पीटर सिंगर यांचे नाव घेत असेल तर ते काटेकोरपणे हक्कवादी नव्हेत. त्यांचा हिशेब दुःखाचा आहे आणि दुःख कमी करणाऱ्या सुधारणेला त्यांच्याकडे जागा आहे.

खर्चाचे म्हणाल तर तो आज गोठ्यात असलेल्या बारा गाईंसाठी आहे. वादाचा निकाल काहीही लागो, त्यांना बसायला जागा लागतेच. भारतीय मानकानुसार मोठ्या गाईला छपराखाली ३.५ आणि उघड्यावर ७ चौरस मीटर जागा हवी, म्हशीला ४ आणि ८. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते. जमिनीची परीक्षा सोपी आहे : उभे राहा आणि गाय बसते तिथे दोन्ही गुडघे टेकून खाली बसा. तुम्हाला कळ आली तर गाईलाही येते. मागच्या पायांच्या ढोपरांवरचे केस गेलेले किंवा सूज दिसली, तर तोच निकाल गाईने आधीच दिलेला आहे.

प्रश्न : भारतात प्राण्यांना कायद्याने हक्क आहेत का? बैलगाडा शर्यतीच्या निकालावरून आमच्या गावात दोन तट पडलेत. (खेड तालुका)

कायद्याचा पाया कल्याणाचा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम जनावर वापरायला मना करत नाही. विनाकारण वेदना देऊ नका, एवढेच तो म्हणतो. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, यावरून त्याचा धाक किती ते समजून घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा भाषा हक्कांकडे झुकली होती. पाच स्वातंत्र्ये याच अधिनियमाच्या कलम ३ आणि ११ मध्ये आहेत असे न्यायालयाने वाचले आणि प्राण्याच्या प्रतिष्ठेचाही उल्लेख केला. पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नाही. शर्यत चालू, पण चाबूक आणि विजेचा धक्का बंद, ही तडजोड कल्याणवादाच्या चौकटीतली आहे. तुमच्या गावातले दोन्ही तट ‘न्यायालयाचा निकाल’ म्हणून आधार घेत असतील तर आधी निकालाची तारीख विचारा.

प्रश्न : वासराची शिंगे डागतो, ही क्रूरता आहे का? मुक्त संचार गोठ्यात शिंगे ठेवली तर गाई एकमेकींना फाडतात. (फलटण तालुका)

१९६० च्या अधिनियमात शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे ही कामे ‘विहित पद्धतीने’ केली तर क्रूरतेतून वगळली आहेत. पद्धत मात्र बरीच वर्षे विहितच नव्हती. २०२३ च्या नियमांनी ती ठरवली : पशुवैद्यकाच्या हातून, भूल देऊन. चौघांनी वासरू दाबून धरायचे आणि लोखंड टेकवायचे, हा प्रकार आता त्या वगळणुकीत बसत नाही.

योग्य वय दोन ते चार आठवडे. तेव्हा शिंगाची गाठ कातडीत सुटी असते, बोटाने हलवून पाहता येते. साधारण दोन महिन्यांनंतर ती कवटीला धरते. मग ते डागणे राहत नाही, शस्त्रक्रिया होते. पशुवैद्यक डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाची गाठ यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली, दोन टक्के लिग्नोकेन हे भुलीचे औषध प्रत्येक बाजूला सुमारे ५ मिली देतात. इथे घाई नडते. किमान दहा मिनिटे थांबा. गाठीभोवती सुईने टोचून पाहा. वासराने डोके झटकले तर भूल चढलेली नाही.

केस कापून घ्या. डागणी नीट तापलेली हवी. ती गाठीवर बसवून हलकी फिरवत १० ते १५ सेकंद धरायची. गाठीभोवती तांबूस रंगाचे पूर्ण कडे दिसले की काम झाले. कडे एका बाजूने तुटके राहिले तर तिथून पुढे वाकडे खुंट उगवतात, आणि ते डोळ्याकडे वळले की दुसऱ्यांदा कापावे लागतात. थंड डागणी जास्त वेळ दाबून धरणे याहून वाईट, कारण उष्णता कवटीच्या आत पोहोचते आणि दोन दिवसांनी वासरू मान टाकते.

लिग्नोकेनचा असर दीड-दोन तासांत उतरतो, पण भाजल्याचे दुखणे त्यानंतरही राहते. बहुतेक गोठ्यांत चूक इथेच होते. वासरू उड्या मारत नाही, कान हलवत उभे राहते आणि लोक म्हणतात ‘शांत झालं’. या दुखण्यावर मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक द्यावे, किलोमागे ०.५ मिग्रॅ, म्हणजे ४० किलोच्या वासराला २० मिग्रॅ. डायक्लोफिनॅक मागू नका. ते दिलेले जनावर मेल्यावर खाणारी गिधाडे मरतात म्हणून २००६ पासून ते जनावरांसाठी बंद आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालते. पावसाळ्यात शक्यतो डागू नये, माश्या बसून जखमेत अळ्या पडतात. शिंगाची गाठ जाळणारी कॉस्टिकची (दाहक रसायनाची) कांडी आईजवळच्या वासराला नकोच. ती गाईच्या कासेला लागते आणि ओली झाली की वासराच्या डोळ्यात उतरते.

हक्कवाद्यांचा आक्षेप इथे बिनतोड आहे : शिंगे अडचण ठरतात कारण जागा कमी आहे. खिल्लार, गीर यांची शिंगे ठेवायची असतील तर प्रत्येक गाईमागे गव्हाण अडीच फुटांहून जास्त ठेवा आणि गोठ्यात बंद कोपरा ठेवू नका. दबलेल्या गाईला पळायला वाट हवी.

प्रश्न : नर वासरांचं काय करायचं? मला दोन्ही बाजूंची उत्तरं पटत नाहीत. (शिरोळ तालुका)

आम्हालाही पूर्ण पटत नाहीत. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, गाईंच्या कत्तलीवर ती आधीपासून होती. हा कायदा ना हक्कवाद्यांचा, ना कल्याणवाद्यांचा. तो जनावर मारू देत नाही, पण त्याच्या चाऱ्याची हमीही देत नाही. ट्रॅक्टर आले आणि वशिंड नसलेल्या संकरित गोऱ्ह्याला शेतीत मागणी राहिली नाही. म्हणून त्याला चीक कमी, दूध त्याहून कमी. मग हगवण लागते आणि ‘मेलं’ अशी नोंद होते.

कल्याणाचा किमान नियम असा की नर-मादी भेद न करता पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के चीक पोटात जावा. ३० किलोच्या वासराला तीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वासराची आतडी चिकातली रोगप्रतिकारद्रव्ये जेमतेम चोवीस तास शोषतात. नंतर पाजलेला चीक नुसते दूध ठरतो.

लिंगनिश्चित वीर्यमात्रेने सुमारे नव्वद टक्के कालवडी मिळतात. ती कालवडींना पहिल्या-दुसऱ्या माजावर वापरावी. गर्भधारणा साध्या वीर्यापेक्षा थोडी कमी होते, तेव्हा उलटणाऱ्या (भरवूनही गाभण न राहणाऱ्या) गाईवर पैसे घालवू नका. मात्र यामुळे प्रश्न संपत नाही, पुढे ढकलला जातो. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि जास्त झालेल्या कालवडी आठ-दहा वर्षांनी भाकड होणारच. भाकड काळाचा चारा दुधाच्या हिशेबात पहिल्यापासून धरणारे गोठे फार थोडे. तुमच्या पत्रातली अस्वस्थता रास्त आहे आणि आमच्या मते हक्कवाद्यांचा सर्वांत जड मुद्दा हाच आहे.

प्रश्न : पिंजऱ्याविना अंडी विकायची आहेत. खरंच फरक पडतो का? (दापोली)

पडतो. आपल्याकडे पिंजऱ्यात कोंबडीला बरीच वर्षे ४५० चौरस सेंटिमीटरच मिळत आले. ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. युरोपीय संघाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले, सुधारित पिंजऱ्यातही ७५० लागतात. गादी पद्धतीत (जमिनीवर भुशाचा थर घालून मोकळे पाळणे) पक्ष्यामागे दोन चौरस फूट, बसायला १५ सेंटिमीटर दांडी आणि पाच कोंबड्यांना एक अंड्याची पेटी ठेवा.

कोकणात मार खाते ती गादी. भुसा मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे आणि अमोनियाने डोळे चुरचुरायला वेळ लागणार नाही. पावसाळ्यात रोज उलथा आणि पाण्याच्या भांड्याखालचा भाग बदला. पक्षी एकमेकांची पिसे टोचू लागले तर आधी गर्दी आणि उजेड कमी करा, चोच कापायला धावू नका.

वेष्टनावर ‘अहिंसक’ असा शब्द मात्र छापू नका. अंड्यांच्या जातीतली नर पिल्ले उबवणी केंद्रातच मारली जातात, आणि पिंजऱ्याच्या व बिनपिंजऱ्याच्या पिल्लांचे केंद्र बहुधा एकच असते. जर्मनीने ही प्रथा २०२२ पासून बंद केली. आपल्याकडे गावरान किंवा दुहेरी उपयोगाची जात घेतली तर नरही वाढवून विकता येतात. अंडी कमी मिळतील, दर त्या हिशेबाने लावा.