ऐकू येतं, पण जात नाही

प्रश्न: आमचं घर वेल्ह्याजवळ, डोंगराच्या पोटात. फोनवर समोरच्याचं नीट ऐकू येतं, माझं मात्र त्याला तुटक जातं. फोटो उतरतात, पाठवताना चक्र फिरत राहतं. मुलगा म्हणतो, पुढे शेजारचा फोन आपल्याला मदत करेल. खरं का? रेंज वाढवणारा बूस्टर घ्यावा का?

उत्तर: मुलगा बरोबर आहे, जरा घाईत आहे इतकंच. माझी सगळी नोकरी मोबाइल टॉवरखालीच झाली. तिथे रोजचं रडगाणं हेच: टॉवर वीस-चाळीस वॅटने बोलतो, तुमचा ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. त्यात लहरी कड्यावर, पत्र्यावर आपटून निरनिराळ्या वाटांनी जातात आणि मध्येच एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम १७ सेंटिमीटरची. फोन वीतभर सरकवला तरी रेंज पालटते.

चार पावलांवरच्या फोनची वाट वेगळी. दहातला एक निरोप वाटेत मरतो असं धरा; दोन स्वतंत्र वाटांनी तोच पाठवला तर दोन्ही मरण्याची शक्यता शंभरात एक. शेजारच्या फोनने ऐकलेलं नुसतं मोठं करून ढकललं तर खरखरही मोठी होते. म्हणून बरेचदा आधी उलगडून, नव्याने पाठवणं बरं. सेंडोनारिस, एर्किप आणि आझांग या संशोधकांनी २००३ साली हे गणित सविस्तर मांडलं. मला त्यातली गंमत वाटते ती ही, की दोन फोनांमधला दुवा खरखरीत असला तरी फायदा दोघांनाही होतो.

अडतं कुठे? शेजाऱ्याच्या बॅटरीवर. शिवाय तुमचं ऐकायचं आणि पुढे पाठवायचं, यात वेळ दुप्पट जातो. (तो तुमचं वाचेल ही भीती नको, मजकूर कुलूपबंदच जातो.) ५जी मानकाच्या २०२२ मधल्या सतराव्या आवृत्तीत फोनमार्फत फोन जोडायची सोय आहे, पण दुकानात ती मागू नका.

तूर्त घरातला दुसरा फोन माळ्यावर, रेंज येते त्या खिडकीत ठेवा, हॉटस्पॉट चालू करा आणि फोटो त्यातून पाठवा. गरिबाघरचा रिले, म्हणजे निरोप पुढे पोचवणारा!

बूस्टर मात्र नको. विनापरवाना बसवणं बेकायदा आहेच, शिवाय तो तुमच्या आवाजासोबत स्वतःची खरखरही टॉवरच्या कानात ओततो. तुमचा फोटो जाईल, पण त्याच टॉवरवरच्या बाकीच्यांचे फोन अडखळतील आणि तक्रार आमच्यासारख्यांकडे येईल.