तुम्ही विचारलंत: "आम्ही तिघे मिळून पीसीसाठी छोटा गेम बनवतोय. पायरसी रोखायला डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप, लावावं का?"

माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. तो वेळ गेममध्ये घाला.

मोठ्या कंपन्यांचा हिशेब वेगळा असतो. गेम कधीतरी क्रॅक होणार, म्हणजे कुणीतरी हे कुलूप तोडणार, हे त्यांनाही माहीत असतं. त्यांना फक्त रिलीजनंतरचे पहिले काही आठवडे वाचवायचे असतात, कारण खरी विक्री तेव्हाच होते. डेनुवो हे कडक, विकतचं डीआरएम त्यासाठीच घेतात आणि पुढे बरेचदा स्वतःच काढून टाकतात. 2016 च्या 'डूम' या गेममधून ते त्याच वर्षी डिसेंबरात गेलं. तुम्हाला मोफत मिळेल ते स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचं साधं डीआरएम. पण ते सहज काढता येतं, हे स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह स्वतःच डेव्हलपरांना सांगते.

शिवाय जाच होतो तो पैसे मोजणाऱ्याला, आणि याची मला खरोखर चीड येते. 2010 मध्ये पीसीवर 'असॅसिन्स क्रीड 2' खेळायला इंटरनेट सतत चालू लागायचं. मार्चमध्ये तो काढणाऱ्या युबिसॉफ्टचे सर्व्हर कोलमडले आणि गेम विकत घेतलेले लोकच ताटकळले.

तुमची भीती मात्र खोटी नाही. 2013 मध्ये दोन भावांनी 'गेम डेव्ह टायकून' हा गेम स्टुडिओ चालवण्याचा गेम काढला, किंमत जेमतेम 8 डॉलर, डीआरएम नाही. त्याच दिवशी त्यांनी स्वतःच एक 'क्रॅक' प्रत टॉरेंटवर, म्हणजे फुकट फाइली वाटल्या जातात तिथे, टाकली. तिच्यात खेळणाऱ्याचा स्टुडिओ शेवटी पायरसीनेच बुडायचा. पहिल्या दिवशी विकत घेतलेल्या प्रती खेळणारे होते 214, फुकटवाले किमान 3,104. यातला प्रत्येक जण गिऱ्हाईक झाला असता असं नाही, पण दोघातिघांच्या टीमला हा आकडा झोंबतोच.

तरीही मला पटतो तो पोलंडचा मार्ग. तिथे 1994 पर्यंत सॉफ्टवेअरला कायद्याचं धड संरक्षणही नव्हतं. वॉर्सॉच्या बाजारात कॉपी केलेल्या गेमची उघड विक्री चालायची. त्याच बाजारातून वर आलेल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने 1999 मध्ये 'बाल्डर्स गेट' हा परदेशी गेम पोलिश भाषेत आणला. नामवंत पोलिश नटांचे आवाज घेतले, जाडजूड खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक आणि संगीताची सीडी दिली. पायरेटेड प्रतीपेक्षा महाग असूनही पहिल्याच दिवशी 18,000 प्रती खपल्या. कॉपीवाल्याला जे देता येत नव्हतं, ते त्यांनी दिलं. पुढे याच कंपनीने 2015 मध्ये स्वतःचा गेम 'विचर 3' पीसीवर डीआरएमशिवाय काढला. कन्सोल धरून त्याच्या 5 कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी मोफत डेमो द्या. रिलीजनंतरचे बग लगेच दुरुस्त करा, कारण पायरेटेड प्रत तिथेच मागे पडते. आणि स्टीम डॉलरवरून जी रुपयांतली किंमत सुचवतं, ती डोळे झाकून लावू नका. आपल्याकडचा कॉलेजातला मुलगा किती देऊ शकेल, हे स्टीमपेक्षा तुम्हाला जास्त कळतं.